अकरावी-बारावीबद्दल कॉलेजच्या मुलांचे अनुभव घ्यायचे आहेत: विषय, मुलाखती आणि परवानग्या कशा आखाव्यात?

कागलकर_एमएड विचारतात:

नमस्कार. एम.एड.च्या लघुप्रबंधाचा विषय जवळजवळ ठरलाय: ‘नव्याने सुरू झालेल्या उच्च माध्यमिक कार्यक्रमाविषयी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे अनुभव’. संबंधित साहित्य शोधताना फिलिपिन्समधल्या सिनियर हायस्कूलवरचे पुष्कळ अभ्यास सापडले. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना गाठून आधीची दोन वर्षं कशी गेली हे त्यांना विचारलेलं आहे. तसंच काम कोल्हापुरात करायचं आहे. क्षेत्र कोल्हापूर शहर, जमलं तर कागल आणि करवीर तालुका. हाताशी पाच महिने आहेत आणि शेवटचा महिना लेखनात जाणार.

माझे प्रश्न:

आपल्याकडे ‘नवा कार्यक्रम’ नेमका कोणता धरायचा? गाइड म्हणतात, नवं शैक्षणिक धोरण धरा. १०० मुलांना ५० प्रश्नांची प्रश्नावली द्यावी की मुलाखती घ्याव्यात, आणि मुलाखती घेतल्या तर किती? फिलिपिन्सच्या एखाद्या अभ्यासातली मुलाखत सूची भाषांतर करून वापरली तर चालेल का? आणि परवानगी कोणाकोणाची लागते?

कच्ची सूची अशी आहे: “नव्या कार्यक्रमामुळे तुमचा आत्मविश्वास वाढला का? कॉलेज जीवनासाठी तुमची तयारी झाली असे वाटते का? कोणत्या अडचणी आल्या? त्यांवर मात कशी केली? कोणत्या सुधारणा सुचवाल?”

जाणकारांनी स्पष्ट सांगावं, चुका दाखवाव्यात.

---

गारगोटीचे_मास्तर:

ताई, आधी विषयाच्या शीर्षकाबद्दल बोलू, कारण खरी अडचण तिथेच आहे. सूची नंतर सुधारता येईल.

फिलिपिन्समध्ये शालेय शिक्षण दहा वर्षांचं होतं. २०१३ च्या कायद्याने, म्हणजे रिपब्लिक ॲक्ट १०५३३ ने, त्यावर दोन वर्षं वाढवली. जून २०१६ मध्ये पहिली तुकडी अकरावीत बसली आणि २०१८ मध्ये बारावी करून बाहेर पडली. म्हणजे तिथल्या मुलाच्या आयुष्यात दोन अख्खी वर्षं नवीन आली. थोरल्या भावाने दहावीनंतर थेट पदवीला नाव घातलं आणि धाकट्याला मधली दोन वर्षं काढावी लागली, असं एकाच घरात घडलं. त्या अभ्यासांमधल्या मुलांच्या बोलण्यात ‘दोन वर्षं वाढली’, ‘घरचा खर्च वाढला’ हे येतं ते त्यामुळे.

आपल्याकडे अकरावी-बारावी नवी नाही. १०+२+३ ची शिफारस १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्याच जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातले, बहिरेवाडीचे. गारगोटीचं मौनी विद्यापीठ त्यांनीच उभं केलं. कोल्हापुरात बसून +२ वर, म्हणजे अकरावी-बारावीवर, लघुप्रबंध लिहिणाऱ्याने आढाव्याच्या प्रकरणात ही गोष्ट घ्यायलाच हवी. आयोगाने याच टप्प्यावर निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत अशी अपेक्षा धरली होती. ती किती पुरी झाली, हा प्रश्न तुमच्या विषयाला अगदी लागून आहे.

आता गाइड म्हणतात तसं ‘नवं धोरण’ धरलं तर काय होतं बघा. २०२० च्या धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एक टप्पा मांडला, हे खरं. पण आज पदवीच्या पहिल्या वर्षात बसलेल्या मुलाने बारावी दिली ती मंडळाच्या नेहमीच्या ६०० गुणांच्या परीक्षेने. त्याला ‘नव्या कार्यक्रमाने आत्मविश्वास वाढला का’ असं विचारलंत तर तो ‘हो’ म्हणेल, आणि कोणत्या कार्यक्रमाबद्दल बोलतोय हे त्याला ठाऊक नसेल. त्या ‘हो’वर उभं केलेलं प्रकरण तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळतं.

अकरावीत नवं आलं ते २०२५-२६ पासून: राज्यभर एकच ऑनलाइन केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. त्याआधी कोल्हापूर शहराची केंद्रीय प्रक्रिया वेगळी होती आणि खेड्यातला मुलगा सरळ गावच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन अर्ज भरायचा. नव्या पद्धतीत एक ते दहा पसंतीक्रम द्यायचे असतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. यावर चांगला अभ्यास होईल. पण तारखा मोजा. २०२५ मध्ये या मार्गाने अकरावीत गेलेली मुलं बारावी देणार फेब्रुवारी-मार्च २०२७ मध्ये आणि पदवीला येणार २०२७ च्या पावसाळ्यात. ‘महाविद्यालयीन विद्यार्थी’ हा शब्द शीर्षकात ठेवून हा विषय घ्यायचा असेल तर तुमची मुलं पदवीपर्यंत पोचलीत का, हे आधी तपासा.

पदवीच्या मुलांनी आज स्वतः जगलेलं नवं आहे ते बारावीच्या पलीकडे, पदवीतच. महाराष्ट्रात धोरणानुसार श्रेयांक (क्रेडिट) रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय), कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, एका सत्रात २० ते २२ श्रेयांक. बारावीपर्यंत सहा विषय आणि मार्चमधली एक परीक्षा, एवढंच माहीत असलेला मुलगा जूनमध्ये या मांडणीत येऊन पडतो. म्हणून विषय असा वळवा: ‘बारावीतून श्रेयांक पद्धतीच्या पदवीत येतानाचे अनुभव: कोल्हापूर शहरातील प्रथम वर्षाचे विद्यार्थी’. अकरावी-बारावी विषयात राहते, पदवीची मुलंही राहतात, आणि ‘नवं काय’ याला ठाम उत्तर मिळतं.

फिलिपिन्स टाकून देऊ नका, तुलनेला ते फार उपयोगी आहे. तिथे दोन वर्षं खालून जोडली आणि पदवीतला सामान्य शिक्षणाचा भाग ३६ युनिटांवर आणला, म्हणजे ओझं शाळेकडे सरकलं. आपल्याकडे खाली काहीच जोडलं नाही, वर चौथं ऑनर्सचं वर्ष जोडलं, आणि विषयांचा विस्तार पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत आणला. दोन देशांतल्या मुलांच्या तक्रारी वेगळ्या येतील त्या याच कारणाने. हे एक पान तुमच्या आढाव्यात असेल तर परीक्षकाला कळेल की भाषांतरावर थांबला नाहीत.

अजून एक इशारा. फिलिपिन्सच्या त्या रचनेत मुलांना प्रॅक्टिकल रिसर्च नावाचे दोन विषय होते, पहिला गुणात्मक संशोधनाचा, दुसरा संख्यात्मक. त्यामुळे नेटवर सापडणारे बरेच ‘अभ्यास’ म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी वर्गासाठी केलेले प्रकल्प असतात. विषय शोधायला ते बरे, आधार म्हणून देऊ नका. आणि २०२५-२६ पासून तिथेही नवी रचना आजमावली जातेय: १५ गाभा विषयांचे ५ केले, चार ट्रॅकचे, म्हणजे शाखांचे, दोन केले. संदर्भ देताना कोणत्या रचनेबद्दलचा आहे ते वर्षासकट लिहा.

---

टिपणवही:

मास्तरांनी विषय लावून दिला. मी पद्धतीबद्दल लिहितो.

१०० मुलं आणि ५० विधानं हा बेत सोडा. एका विधानाला २० सेकंद धरले तरी १७ मिनिटं होतात. तिसाव्या विधानानंतर मुलं ‘सहमत’च्या रकान्यातून पेन सरळ खाली ओढतात. आकडे येतील, अनुभव येणार नाही. गाइडना आकडे हवेतच असतील तर १५ विधानं ठेवा, त्यात चार उलट्या अर्थाची घाला आणि त्याला पूरक साधन म्हणा.

मुलाखती १२. प्रत्येकी ४५ मिनिटं. वाटणी कला ४, वाणिज्य ४, विज्ञान ४. प्रत्येक चारांत दोन अशी मुलं घ्या ज्यांनी अकरावी-बारावी त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजात केली, आणि दोन अशी जी खेड्यातल्या हायस्कूलला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजातून आली. कोल्हापुरात हा फरक शाखेपेक्षा मोठा पडतो. पहिल्या मुलाला जिना, लायब्ररी, शिपाई, कँटीन सगळं ओळखीचं असतं, बदलतो तो फक्त मजला. दुसऱ्याचं गाव, बस, जेवणाची वेळ आणि वर्गाचा आकार एकाच आठवड्यात बदलतो. दोघांना एका गठ्ठ्यात घातलंत तर ‘नव्या पद्धतीचा ताण’ म्हणून जे लिहाल त्यातलं निम्मं खरं तर शहराचा ताण असेल.

मुलं निवडताना सर्वांत जास्त चूक होते ती अशी: विभागप्रमुखांना सांगायचं, ‘सर, चार मुलं द्या’. ते पहिल्या बाकावरची, स्पर्धेत बोलणारी चार मुलं देतात. त्यांचे अनुभव खरे असतात, पण वर्गाचे नसतात. त्याऐवजी वर्गात दोन मिनिटं बोलायची परवानगी घ्या, नाव-शाखा-बारावी कुठे केली एवढी चिठ्ठी भरून घ्या, आणि चिठ्ठ्यांतून वरच्या वाटणीप्रमाणे निवडा. एखाद्या गटात जास्त चिठ्ठ्या आल्या तर न बघता चिठ्ठी उचलून नाव ठरवा.

आता सूची. तुमच्या पाचही प्रश्नांत उत्तर आधीच बसलेलं आहे. ‘आत्मविश्वास वाढला का’ याला ‘हो मॅडम’. ‘अडचणी कोणत्या’ याला वाहतूक, इंग्रजी, आर्थिक अशी यादी, जी कोणत्याही विषयावरच्या प्रबंधात चालेल. अनुभव हवा असेल तर प्रसंग मागावा लागतो. असे प्रश्न करून बघा:

“पदवीचा पहिला सोमवार आठव. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत सांग.”

“ओपन इलेक्टिव्ह कोणता घेतलास? फॉर्म भरताना शेजारी कोण होतं? ठरवायला किती वेळ मिळाला?”

“बारावीत शिकलेलं एखादं काहीतरी इथे जसंच्या तसं कामाला आलं, असं कधी झालं?”

“सगळा वर्ग ऐकतोय आणि तुला काहीच कळत नाही, असा एखादा तास आठवतो का?”

“बारावीचा मार्च आणि इथली पहिली सत्र परीक्षा, दोन्हींच्या आदल्या रात्री काय करत होतास?”

एवढे पाच-सहा पुरेत. बाकीचं काम ‘म्हणजे?’, ‘मग?’, ‘बरं, पुढं?’ यावर चालतं. प्रश्न विचारून पाच-सहा सेकंद गप्प बसायची सवय करा. नवखी माणसं शांतता भरायला स्वतःच उत्तर सुचवतात: ‘म्हणजे टेन्शन आलं असेल ना?’ मग मुलगा ‘हो, टेन्शन’ म्हणतो आणि तो शब्द त्याचा राहत नाही, तुमचा होतो.

दोन शब्दांची काळजी घ्या. पहिला ‘कॉलेज’. आपल्याकडे कॉलेज अकरावीपासून सुरू होतं. ‘कॉलेजचा पहिला दिवस’ विचारलात तर निम्मी मुलं अकरावीचा सांगतील आणि टिपण करताना घोळ होईल. ‘अकरावी’, ‘बारावी’, ‘एफवाय’ (पदवीचं पहिलं वर्ष) असंच म्हणा, किंवा मुलं म्हणतात तसं ‘ज्युनिअरला’ आणि ‘सिनियरला’. फिलिपिन्सची सूची भाषांतर करून चालणार नाही त्याचं साधं कारण हेच. त्यांचं सिनियर हायस्कूल म्हणजे आपलं ज्युनिअर कॉलेज, आणि त्यांचं ज्युनिअर हायस्कूल म्हणजे सातवी ते दहावी.

दुसरा शब्द ‘क्लास’. विज्ञान शाखेच्या मुलाची अकरावी-बारावी बरीचशी खासगी क्लासमध्ये गेलेली असते. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार, त्यामुळे अकरावी घाईत उरकलेली. ‘शिक्षक कसे होते’ या प्रश्नाला तो क्लासचे सर सांगतोय की कॉलेजचे, हे लगेच विचारून घ्या. नंतर ध्वनिमुद्रणावरून ते ठरवता येत नाही.

पहिल्या दोन मुलाखती सरावाच्या. त्या बारांत धरू नका. सरावानंतर सूची बदलली की बदल आणि तारीख वहीत लिहा, पद्धतीच्या प्रकरणात तो मजकूर लागतो. त्याच वहीत, पहिल्या मुलाखतीच्या आधी, या विषयाबद्दल तुमचं स्वतःचं मत दोन पानं लिहून काढा. नवी पद्धत चांगली वाटते की वाईट, का वाटते. पूर्वग्रह कागदावर आला म्हणजे तो विश्लेषणात कुठे शिरतोय हे पुढे पकडता येतं.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली:

परवानगी आणि प्रत्यक्ष कामाचं सांगतो.

मुलं पदवीची असल्याने पदवी कॉलेजच्या प्राचार्यांची लेखी परवानगी पुरते. तुमच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाचं शिफारस पत्र, अर्ज, मुलाखत सूची आणि संमतीपत्राचा नमुना असा चार कागदांचा संच करा, दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आणा. सूची सोबत नसली की फाइल ‘बघू’ या शेऱ्यात अडकते, कारण प्राचार्यांना मुलांना काय विचारणार हे आधी बघायचं असतं आणि ते रास्तच आहे. ज्युनिअर कॉलेजात जाऊन बारावीच्या मुलांशीही बोलायचं असेल तर तिथली परवानगी वेगळी, आणि ती मुलं बहुतेक १८ च्या आतली.

एफवायलासुद्धा काही मुलं सतराची असतात. चिठ्ठीवर जन्मतारीख घ्या. १८ पूर्ण नसतील तर पालकांची सही हवी. संमतीपत्र एका पानाचं, मराठीत: कशासाठी, किती वेळ, ध्वनिमुद्रण होणार, मध्येच थांबता येईल, नाव कुठेही येणार नाही. आणि एक वाक्य ठळक: ‘याचा अंतर्गत गुणांशी काहीही संबंध नाही.’ नव्या रचनेत अंतर्गत मूल्यमापन सतत चालू असतं, आणि मुलांना पहिली भीती तीच असते की सरांपर्यंत जाईल. हे वाक्य तोंडानेही सांगा.

जागा: कँटीन नको, कपबशांचा आवाज शब्दांवर चढतो. स्टाफरूम तर मुळीच नको. तास संपल्यावरचा रिकामा वर्ग, पंखा बंद, खिडकीपासून दूर, दोघांची बाकं काटकोनात. फळ्यासमोरच्या खुर्चीत बसलात की मुलं शिक्षकांशी बोलतात तसं बोलू लागतात. फोन विमान मोडवर, आधी एक मिनिट मुद्रण करून ऐकून बघा, दुसरा फोनही चालू ठेवा. त्याच संध्याकाळी फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि नावाऐवजी संकेत द्या: क१, वा२, वि३. कोणता संकेत कोणाचा हे वेगळ्या वहीत, फोनमध्ये नाही.

वेळेचं गणित एसटीवर ठरतं. राधानगरी, पन्हाळा, कागलकडची मुलं ठरलेल्या गाडीने जातात, ती चुकली तर पुढची तासाभराने. मुलाखत सुरू करण्याआधी ‘गाडी कितीची?’ विचारा आणि २० मिनिटं हातात ठेवून थांबा. गाडीकडे लक्ष लागलेला मुलगा शेवटच्या तीन प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर देतो.

याच एसटीतून तुमच्या विषयाचा एक मुद्दा निघतो. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पदवीला आल्यावर सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. सवलत ६६.६७ टक्के असली तरी दर महिन्याला हातात रोख लागते. शिक्षणाच्या रचनेत हे कुठे लिहिलेलं नसतं, पण खेड्यातून येणाऱ्या मुलीला बारावी आणि एफवाय यांतला पहिला फरक कदाचित पासाच्या खिडकीवरच कळतो. ‘पहिला सोमवार घरातून निघाल्यापासून सांग’ या प्रश्नात तो आपोआप येईल. आला की पुढे विचारा, पैसे कोणाकडून आले, त्या बदल्यात घरी काय ठरलं.

सत्र परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे आणि नवरात्र टाळा. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीने शहरातल्या बसचं वेळापत्रक सांभाळणं अवघड होतं.

---

कागलकर_एमएड:

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांनी सांगितलेलं शीर्षक गाइडना दाखवलं, त्यांनी मान्य केलंय. दोन शंका उरल्या. विज्ञानाच्या चार मुलांत बायफोकलची (अकरावी-बारावीला व्यावसायिक विषय घेतलेली) घ्यावीत का? आणि मुलाखती झाल्यावर लेखी उतरवायच्या प्रमाण मराठीत की बोलल्या तशा? प्रबंध मराठीतच आहे.

---

गारगोटीचे_मास्तर:

बायफोकलचा एक तरी घ्या, दोन मिळाले तर उत्तम. बायफोकल विषय २०० गुणांचा असतो आणि तो द्वितीय भाषा व एका वैकल्पिक विषयाची, बहुतेक वेळा जीवशास्त्राची, जागा घेतो. म्हणजे त्या मुलाने मराठी दहावीलाच सोडलेली असते. भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेतलेल्याचंही तसंच. पदवीच्या नव्या रचनेत क्षमतावृद्धीच्या अभ्यासक्रमांत इंग्रजीसोबत आधुनिक भारतीय भाषा आहे. दोन वर्षांच्या खंडानंतर मराठी पुन्हा समोर येते तेव्हा काय होतं, हा प्रश्न बारावी आणि पदवी यांच्या नेमक्या सांध्यावरचा आहे. त्याला विचारा: “दहावीनंतर मराठीत सलग पानभर पहिल्यांदा कधी लिहिलंस?”

ज्याने बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र केलं त्याला पदवीतल्या कौशल्याच्या अभ्यासक्रमात तेच पुन्हा भेटलं का, हेही विचारा. कोठारी आयोगाची ती जुनी अपेक्षा इथे एका मुलाच्या तोंडून तपासली जाते.

---

टिपणवही:

बोलल्या तशाच उतरवा. ‘लई’, ‘नव्हं’, ‘बंक मारला’, ‘डोक्यावरनं गेलं’ सगळं तसंच. ‘समजण्यास कठीण वाटले’ असं शुद्ध करून लिहिलंत की अनुभव निघून जातो आणि नंतर अर्थ लावायला हातात काही उरत नाही. ‘नाद खुळा होतं’ असं कोणी म्हटलं तर मुलाखतीतच ‘म्हणजे काय झालं?’ विचारून घ्या, कारण त्याचा अर्थ सुराप्रमाणे बदलतो.

कोल्हापूरची एक खास बाब: इथल्या मुलीसुद्धा ‘मी गेलो’, ‘मी आलो’ म्हणतात. टंकलेखन दुसऱ्या कोणाकडून करून घेतलंत तर ती व्यक्ती एक तर ‘गेले’ असं दुरुस्त करेल किंवा मुलगा समजून बसेल. संकेतात मुलगी-मुलगा आधीच नोंदवा आणि क्रियापदाला हात लावू नका. पद्धतीच्या प्रकरणात यावर दोन ओळी लिहा, म्हणजे पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला ती छपाईची चूक वाटणार नाही.

वेळ मोजून ठेवा. एका तासाच्या मुद्रणाला उतरवायला पाच-सहा तास लागतात. बारा मुलाखती पाऊण तासाच्या म्हणजे नऊ तास मुद्रण, म्हणजे ५० तासांच्या आसपास काम. रोज दोन तास बसलात तरी जवळजवळ एक महिना. फोनमधलं बोलून टाइप करायचं साधन प्रमाण मराठीला बरं चालतं, आपल्या बोलण्याला अडखळतं, त्यामुळे त्याने काढलेला मजकूर पुन्हा ऐकून तपासावाच लागतो. सगळ्या मुलाखती संपायची वाट बघू नका. तिसरी झाली की पहिली उतरवायला घ्या, म्हणजे राहून गेलेले प्रश्न चौथ्या मुलाखतीत विचारता येतात.

विश्लेषणाला कोलायझी या संशोधकाने मांडलेल्या, अनुभवांचा अर्थ लावायच्या सात पायऱ्या एम.एड.ला पेलतात. प्रत्येक मुलाखत दोन-तीनदा सलग वाचा. विषयाशी थेट संबंध असलेली वाक्यं वेगळी काढा, एका मुलाखतीतून २५ ते ४० निघतात. प्रत्येक वाक्याखाली त्याचा अर्थ लिहा. अर्थांचे गट करा. गटांवरून सविस्तर वर्णन, त्यातून अनुभवाचा गाभा, आणि शेवटी ते मुलांकडे परत नेऊन ‘तुझ्या बाबतीत हे असंच आहे का?’ विचारा. ही सातवी पायरी बहुतेक जण वेळेअभावी गाळतात आणि तोंडी परीक्षेत हटकून तीच विचारली जाते. बारापैकी पाच-सहा मुलांना एक पान वाचून दाखवलंत तरी चालेल, पण तारखेसकट नोंद हवी.

अर्थ लावताना काय चुकतं ते एका उदाहरणावर सांगतो. समजा वाक्य आलं: ‘बारावीला एकच मार्च होता, इथं दर पंधरा दिवसाला मार्च हाय.’ याखाली ‘परीक्षांचा ताण’ असं लिहिलंत तर वाक्य वाया गेलं. तो सांगतोय की बारावीत वर्षाला एक टोक होतं, त्याच्या आधी ढिलाई चालायची आणि नंतर सुटका व्हायची. इथे टोकही नाही, सुटकाही नाही. अर्थ तेवढा लिहा. गटांना नाव देतानाही ‘अडचणी’, ‘फायदे’, ‘सूचना’ नको, ते नुसते कप्पे आहेत, कोणत्याही प्रबंधात बसतात. नाव म्हणून एक पूर्ण वाक्य लिहून बघा: ‘निवड करायला मिळाली, पण निवडायचं कसं हे कोणी सांगितलं नाही.’ वाक्य होत नसेल तर तो गट अजून तयार झालेला नाही, पुन्हा वाक्यांकडे जा. शेवटी असे चार ते सहा गट उरले की पुरे.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली:

एक राहिलं. प्रबंधात कॉलेजचं वर्णन करताना ‘शहरातील एक स्वायत्त, अनुदानित, तिन्ही शाखा असलेले महाविद्यालय’ असं लिहिलंत की कोल्हापुरातला कोणीही पाच सेकंदांत नाव सांगतो. मग ‘त्या कॉलेजातली, वाणिज्यची, राधानगरीकडून येणारी मुलगी’ कोण, हे तिच्या वर्गाला कळायला वेळ लागत नाही. कॉलेजला अ, ब, क म्हणा, मुलीच्या वर्णनात तालुका न देता ‘रोज दीड तास प्रवास’ एवढंच द्या, आणि शाखा व गाव एकाच ओळीत कधीच आणू नका. सातव्या पायरीला पान वाचून दाखवाल तेव्हा प्रत्येकीला हेही विचारा: ‘हे वाचून तुझ्या मैत्रिणीला तू ओळखू येशील का?’ हो म्हणाली तर ते वाक्य तिथल्या तिथे बदला.